मुद्दा सातवा: टॉवेल-टोपी

थू!

अण्णाराव कलशेट्टी आपल्याच अंगणात थुंकले. पान नाही, तंबाखू नाही. सत्तरी उलटली तरी या माणसाला साखर पेठेत कुणी कधी थुंकताना पाहिलं नव्हतं. शिवबाई आत शेंगा भाजत होती. ती कढई उतरवून पदराला हात पुसत बाहेर आली.

"अय्यो, काय झालं? पित्त उसळलं का?"

"पित्त नव्हं. हे बघ." त्यांनी हातातले कागद बायकोपुढे धरले आणि लगेच मागे ओढले. "नको, तू नको वाचू. तुझंबी नाव हाय त्यात."

आता सांगा, जिने उभ्या जन्मात कोर्टाची पायरी बघितली नाही, तिला तुझं नाव कोर्टाच्या कागदात आहे म्हटल्यावर ती गप्प बसेल होय? शिवबाईने शिवलीलाकडे पाहिलं. शिवलीला म्हणजे अण्णारावांच्या धाकट्या बहिणीची मुलगी, सोलापूरच्या कोर्टात वकील. हे कागद तिनेच सकाळी आणून दिले होते आणि आता देऊन पस्तावत होती.

"मामी, उदयसिंहने मामांचा निवाडा रद्द करा म्हणून कोर्टात अर्ज टाकलाय," ती म्हणाली. "नऊ मुद्दे काढलेत. सातव्यात मामांचा टॉवेल आहे, आणि आठव्यात तुमची भाकरी."

"माझी भाकरी?"

"हो."

शिवबाई पायरीवर बसली.

पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर ही घाण कुठून आली ते कळायचं नाही.

अण्णाराव सुताचे दलाल. चाटी गल्लीत त्यांचा सगळा जन्म गेला. सोलापुरात सुताचा धंदा म्हणजे तंट्याचाच धंदा की. कुणाचं सूत कच्चं निघतं, कुणाचा रंग पहिल्या धुण्यात उतरतो, कुणी वजनात मारतो. दर वेळी कोर्टात जाऊन बसायला कुणाला फुरसत आहे? मग "चला अण्णांकडं" म्हणायचं. अण्णा दोघांचं ऐकायचे, माल हातात घेऊन बघायचे आणि काय ते सांगून टाकायचे. हरणारा दोन दिवस शिव्या घालायचा आणि तिसऱ्या दिवशी चहाला यायचा. कुणाचा तंटा कधी येईल याचा नेम नाही, म्हणून कलशेट्ट्यांच्या घराला दिवसा कधी कडी नसायची. दलाली बंद करून अण्णाराव घरी बसले तरी दार उघडंच राहिलं.

आणि या बाजारात एक जुनी रीत होती. निकाल सांगायच्या आधी दोन्ही बाजूंनी मिळून पंचाच्या खांद्यावर एकच टॉवेल टाकायचा. एक टोक याच्या हातात, दुसरं त्याच्या. मग डोक्यावर टोपी. अर्थ एवढाच की निकाल कुणाकडेही लागो, आम्ही तोंड वाकडं करणार नाही. मान आधी, निकाल मागनं. का, तर निकालानंतर दिलेला टॉवेल हा जिंकणाऱ्याचा टॉवेल. तो घेतला की माणूस विकला गेला. आधीचा टॉवेल दोघांचा. पंचावर कुणी बोट ठेवू नये म्हणूनच कुण्या शहाण्याने ही रीत घातली असणार.

अन् या उदयसिंहाने नेमकं त्याच टॉवेलवर बोट ठेवलं! लाज कोळून प्यायला म्हणतात ती अशी.

हा उदयसिंह मूळचा सांगोल्याचा. डाळिंबाची बाग धाकट्या भावावर सोडून शहरात आला. गोड बोलून दगडालाही टॉवेल विकेल असा गडी. त्याचा भागीदार मकदूम इथलाच, आजा-पणज्यापासून मागावरचा. मागाच्या नुसत्या आवाजावरून धागा तुटलेला सांगणारा. दोघांनी अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना काढला आणि चाटी गल्लीत दुकान टाकलं. करार लिहिताना दोघांनी हौसेने एक कलम घालून घेतलं: पुढे वाद झालाच तर श्री. अण्णाराव मल्लिनाथ कलशेट्टी हे लवाद, त्यांचा निवाडा दोघांवर बंधनकारक. अण्णाराव तेव्हा हसून म्हणाले होते, "माझं नाव कशाला अडकवताय? मी काय अमरपट्टा घिऊन आलोय का?" उदयसिंह म्हणाला होता, "अण्णा, तुमचं नाव हाय म्हंजे भांडणच व्हणार न्हाय की."

भांडण झालं. का झालं विचारू नका. भागीदारी फुटायला कारण लागत नाही, टिकायला लागतं. दोघांनाही कारखाना हवा होता. दोघं अण्णारावांच्या दारात येऊन उभे राहिले.

शिवलीलाने तेव्हाच मामाला बजावलं होतं. "मामा, हा चाटी गल्लीतला तंटा नाही, कायद्याचा लवाद आहे. प्रत्येक बैठकीची लेखी नोटीस द्या. आणि या दोघांशी तुमची जुनी ओळख काय, व्यवहार काय, ते कागदावर लिहून दोघांना द्या. कायद्यात त्याचा नमुनाच आहे."

अण्णारावांनी ऐकलं. रात्री जागून स्वच्छ अक्षरात कागद तयार केला. मकदूमच्या वडिलांचं सूत मी वर्षानुवर्षं पुरवलं, उदयसिंहाच्या लग्नात अक्षता टाकायला मी होतो, सगळं लिहिलं. पहिल्या बैठकीला तो कागद पुढे केला, तर उदयसिंहाने विंचू बघावा तसे हात मागे घेतले.

"अण्णा, हे काय वो? तुमच्याकडनं लिवून घ्यायचं? आमाला लाज वाटंल! आन् नोटीस कशाला? फोन करा, पळत येतो. आमी काय परके हाय का?"

मकदूम म्हणाला, "बरोबर बोलला. अण्णा, खिशात ठेवा ते. बाप गेल्यावर तुम्हालाच बाप मानलंय आम्ही."

आणि अण्णारावांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. इथं चुकलं! या माणसाने जन्मभर लोकांच्या लाजेवर धंदा केला. समोरचा लाजतोय म्हणजे तो आपल्याशी खोटं वागणार नाही, असा त्यांचा हिशेब. शंभरदा खरा ठरलेला हिशेब होता तो, म्हणून तर घात झाला. पुढच्या सगळ्या बैठका फोनवरच ठरल्या आणि दोघंही प्रत्येक बैठकीला वेळेआधी हजर राहिले.

शेवटची बैठक घरातच झाली. ऊन रणरणत होतं. दोघांचं बोलणं संपलं तेव्हा जेवणवेळ झाली होती, आणि जेवणवेळेला आलेला माणूस उपाशी पाठवायची शिवबाईच्या माहेरी, अक्कलकोटात, पद्धत नाही. तिने दोघांना शेजारी-शेजारी ताटं वाढली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, डाळ-वांगं. उदयसिंहाने चटणी तीनदा मागून घेतली. वर म्हणतो कसा, "काकू, ह्या चटणीसाठी मी रोज भांडण करंन." जेवण झाल्यावर दोघांनी त्यांच्याच कारखान्यातला एक टॉवेल काढला, एकेक टोक धरलं आणि अण्णारावांच्या खांद्यावर टाकला, वर टोपी घातली. मकदूमने शेजाऱ्याच्या हातात आपला फोन देऊन फोटो काढून घेतला आणि तिथल्या तिथे उदयसिंहालाही पाठवला.

पुढे आठवडाभराने अण्णारावांनी निवाडा दिला. कारखाना मकदूमला, कारण त्याला माग कळतात. चाटी गल्लीतलं दुकान आणि गोदाम उदयसिंहाला, कारण त्याला गिऱ्हाईक कळतं. एक गोष्ट त्यांनी मुद्दाम खाली लिहिली होती: कारखाना मधोमध चिरू नये. अर्ध्या कारखान्यात कुणाचंच पोट भरत नाही. निवाडा घेऊन दोघंही पाया पडून गेले.

आणि आता हे नऊ मुद्दे!

लवादाने ओळखीचा लेखी खुलासा दिला नाही. लेखी नोटीस दिली नाही. आणि सातवा: 'निवाड्यापूर्वी प्रतिपक्षाने लवादास भेटवस्तू दिल्या व त्या लवादाने स्वीकारल्या, सोबत छायाचित्र.' छायाचित्रात अण्णाराव, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी, तोंडभर हसू, आणि टॉवेलचं एक टोक धरलेला मकदूम. दुसऱ्या टोकाला कुणीच नाही. उदयसिंहाने स्वतःला कापून टाकलं होतं. टोकाशी फक्त बोटांची दोन पेरं राहिली होती. आठवा: 'प्रतिपक्षाने सुनावणीच्या दिवशी लवादाच्या निवासस्थानी, लवादाच्या पत्नीने वाढलेले भोजन घेतले.' खाली उदयसिंहाची सही. शपथेवर.

शिवबाईने ते भाचीकडून दोनदा वाचून घेतलं.

"तीनदा चटणी घेतली त्यानं," ती म्हणाली. "ते लिवलंय का?"

"नाही, मामी."

"खाल्ल्या घरचे वासे मोजतो, मेला! माझ्या भाकरीला लाच म्हणतो? यप्पा, ह्या हातानं वाढलं की मी!" ती हात उलटा-सुलटा करून बघत राहिली, जणू हाताला काही लागलंय.

"पण निवाड्यात चूक काय ते कुठं लिवलंय?" अण्णारावांनी विचारलं. "मी तीनदा वाचलं, सापडंना."

"कुठंच नाही," शिवलीला म्हणाली. "मामा, या अर्जात कोर्ट निवाडा बरोबर का चूक हे सहसा बघतच नाही. पद्धत नीट पाळली का, दोघांना सारखी संधी मिळाली का, लवाद निःपक्ष होता का, हे बघतं. कायदा चांगल्यासाठीच आहे. एकाला न बोलावता, पैसे खाऊन दिलेले निवाडे पण असतात, त्यांना आळा कसा बसणार? पण ज्याला निवाड्यात खोट काढता येत नाही, तो मग पद्धतीवर घसरतो."

"म्हंजे मी न्याय केला ह्याबद्दल त्याची तक्रार न्हाय. मी त्याला घरातला समजलो ही तक्रार."

शिवलीला म्हणाली, "घाबरू नका. ज्याने आधी गप्प बसून सगळं चालवून घेतलं, त्याला मागाहून ओरडता येत नाही, असंही कायद्यात आहे. आणि मकदूमकडे अख्खा फोटो आहे. तो कोर्टात आला की सातवा मुद्दा तिथंच आडवा."

"मग मी जाऊन सांगतो की कोर्टात."

"तुम्हाला बोलता येत नाही, मामा. तुम्ही पक्षकार नाही. भांडण त्या दोघांचं आहे."

"चोर मला म्हटलंय, आन् भांडण त्यांचं?"

पण तसंच होतं. ज्याच्या तोंडाला काळं फासलं, त्याला तोंड उघडायची सोय नाही. अण्णारावांनी मकदूमला फोन लावला. मकदूम तर पेटला होता. "अण्णा, हरामखोर निघाला तो! अख्खा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. वकील म्हणाले, आत्ता कुणालाच पाठवायचा नाही, सरळ कोर्टातच काढू. तारखेला या तुम्ही, बघा त्याचं तोंड कसं होतं ते." तेवढ्या शब्दावर अण्णाराव तारखेची वाट बघत बसले. निवाडा राहो का जावो, त्यांना त्याचं आता काही नव्हतं. तो फोटो एकदा न्यायाधीशापुढे ठेवला जावा, एवढंच पाहिजे होतं.

तारीख लांबली. कोर्टाच्या तारखा लांबतात आणि गल्लीतल्या जिभा त्याहून लांब. चाटी गल्लीत चहाच्या गाड्यावर एक जण डोळा मारून म्हणाला, "काय अण्णा, टॉवेल मऊ होता का?" सगळे हसले. थट्टाच होती, पण आजवर या माणसाची अशी थट्टा करायची कुणाची छाती नव्हती. अण्णारावांनी अर्धा चहा तसाच ठेवला.

मग तिप्पण्णा आला. तिप्पण्णा आणि त्याच्या भावाच्या घराच्या वाटण्या अण्णारावांनी करायच्या असं पाडव्याला ठरलं होतं. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, चप्पलही काढली नाही. "अण्णा, भाऊ म्हणतो वकिलाकडंच जाऊ. तुमच्यावर इस्वास न्हाय असं न्हवं, पण उद्या कोर्टात काय निघालं तर आमचं बी अडकायचं की. राग मानू नका."

"न्हाय मानत," अण्णाराव म्हणाले.

राग येऊन करणार काय? तिप्पण्णाचं तरी काय चुकलं? किळस आली ती उदयसिंहाची. या गल्लीत त्या दिवसापासून त्यांना सगळीकडे तीच घाण दिसायची. कुणी पाठीवर हात ठेवला तरी वाटायचं, हा हात उद्या कुठल्या कागदात निघेल? जेवताना शिवबाईने चटणी वाढली की घास फिरायचा.

तारीख आली. अण्णारावांनी कडक इस्त्रीचं धोतर नेसलं, काळी टोपी घातली आणि शिवलीलाबरोबर कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसले. उदयसिंह आणि मकदूम पुढे होते. अण्णारावांना पहिल्यांदा काही तरी खटकलं ते हे की दोघं एकाच बाकावर होते.

पुकारा झाला. दोन्ही वकील एकदम उभे राहिले, हसऱ्या तोंडाने. एकाने कागद पुढे केला. "साहेब, पक्षकारांत आपसात मिटलंय. तडजोडीची पुरसीस देतोय. संमतीने निवाडा रद्द करावा."

न्यायाधीशांनी कागद वाचला. दोघांना पुढे बोलावून विचारलं, समजून-उमजून केलंय ना? दबाव नाही ना? दोघं हो म्हणाले. झालं. फोटो नाही, सातवा मुद्दा नाही, आठवा नाही, कशाचीच चर्चा नाही. अर्ज मात्र कोर्टाच्या दप्तरात जसाच्या तसा राहणार होता, शपथेसकट.

अण्णाराव उभे राहिले. शिवलीलाने धोतराचा सोगा ओढला, पण ते उभेच राहिले.

"साहेब..."

न्यायाधीशांनी वर बघितलं. भले गृहस्थ होते, आवाजही चढवला नाही. "बोला बाबा. आपण या प्रकरणात पक्षकार आहात?"

"न्हाय, साहेब."

"मग आपलं काय म्हणणं आहे?"

काय सांगणार? त्या फोटोत दुसऱ्या टोकाला कोण होतं ते विचारा, हे? भाकरी कुणी-कुणी खाल्ली ते विचारा, हे? पुढच्या बाकावरून मकदूमने मागे वळून बघितलं आणि पटकन मान फिरवली. त्या फिरवलेल्या मानेवरून अण्णारावांना सगळं कळलं.

"काय न्हाय, साहेब," ते म्हणाले आणि बसले.

उदयसिंह खोटारडा होता, ठीक आहे. खोटारड्याचं एक बरं असतं, तो कुठे उभा आहे ते ठाऊक असतं. पण हा मकदूम! बाप मानलं म्हणणारा! याने मिटवलं ते मिटवलं, निदान एका ओळीत लिहून घ्यायचं होतं की लवादावरचे आरोप मागे घेतो. शाईला काय पैसे पडत होते?

दोन-तीन दिवस गेले. दुपारची वेळ. दार नेहमीसारखं उघडं होतं. बाहेर गाडी थांबली आणि दोघं आत आले. दोघं! एकाच्या हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्याच्या हातात पिशवी. शिवबाई आतून बघत होती. रागाने तिचा चेहरा लाल झाला होता, तरी हाताने जन्माची सवय सोडली नाही. दोन पेले पाणी आणि गुळाची वाटी आणून तिने स्टुलावर ठेवली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"अण्णा, तोंड गोड करा," उदयसिंह म्हणाला. "तुमच्या आशीर्वादानं मिटलं बगा."

"काय मिटलं?"

"कारखाना निम्मा-निम्मा केला. मधी भित घालतोय. फुडला भाग माझा, मागचा मकदूमचा. दुकानबी तसंच." त्याने हात जोडले. "भितीची पहिली वीट तुमच्या हातानं बशिवायची. दुसऱ्या कुणाला बोलवायचं न्हाय, असं दोघांचं एकमत झालंय."

ऐकलंत? ज्या माणसाने लिहून दिलं की कारखाना चिरू नका, त्याच्याच हाताने चिरायचा. निर्लज्जपणालाही काही मोजमाप असावं की नाही?

"उदयसिंह," अण्णाराव शांतपणे म्हणाले, "तो आठवा मुद्दा जरा म्हणून दाखव. तुझ्या काकू हितंच उभ्या हायत. सही तुझीच हाय, पाठ असंल."

उदयसिंहाने मान खाली घातली, पण क्षणभरच. "अण्णा, ते मनाला लावून घिऊ नका. वकिलानं लिवलं. निवाडा पटला न्हाय म्हणून चालत न्हाय म्हणाला, पद्धत चुकली म्हणावं लागतं. त्याला काय तरी मुद्दा लागतो. ते कोर्टातलं कोर्टात ऱ्हातं वो. तुमी आमाला देवासारखे."

"देवाला चोर म्हणायची पद्धत नवी हाय." ते मकदूमकडे वळले. "आन् तुझं काय? फोटो दाखव जरा. अख्खा. मला एकदा बघायचाय."

मकदूम टाचेने फरशी घासत होता. "नाही राहिला, अण्णा."

"न्हाय राहिला म्हंजे?"

"डिलीट केला." तो खाली बघून बोलला. "तडजोडीत ठरलं होतं तसं. पुढं वाद नको म्हणून, दोघांनी फोनमधून काढायचा. उदयसिंहच्या वकिलांची तेवढीच अट होती. मी म्हटलं, फोटोचं काय एवढं..."

भिंतीशी उभ्या शिवबाईच्या तोंडून "थू" निघालं. हळू, पण दोघांनीही ऐकलं.

अण्णारावांना वाटलं होतं की हे ऐकून आपलं डोकं फिरेल. तसं झालं नाही. शिळं, आंबलेलं अन्न चुकून तोंडात जावं तशी नुसती किळस आली, आणि मग तीही बसली. एका फोटोने त्यांचं नाव धुऊन निघणार होतं. त्याच्या बदल्यात या पोराने अर्धा कारखाना घेतला, आणि वर पेढे घेऊन आला. गरज सरो, वैद्य मरो. पण वैद्याच्याच मांडीवर ताट ठेवून जेवायचं म्हणजे हद्द झाली.

उदयसिंहाला गप्प बसणं जमत नाही. त्याने घाईघाईने पिशवी उघडली. नवा कोरा टॉवेल, वर पांढरी टोपी. एक टोक स्वतः धरलं, दुसरं मकदूमकडे दिलं. "जाऊ द्या अण्णा, झालं गेलं. मान घ्या. आमच्याच मागावरचा हाय."

दोघं टॉवेल धरून पुढे आले. अण्णारावांनी हात आडवा केला.

"आदीचा टॉवेल घेतला व्हता. निकालानंतरचा मी कधी घेतला न्हाय."

"अण्णा, असं नका करू. घरातनं मान परत न्यायचा म्हणजे..." मकदूम पुटपुटला.

"न्या की. पण पद्धतीनं न्या." अण्णाराव उठले. कपाटावरून एक कोरा कागद आणि पेन आणून त्यांनी स्टुलावर, पाण्याच्या पेल्यांशेजारी ठेवला. "मी अडाणी होतो. मला वाटायचं, घरच्या माणसाकडनं काय लिवून घ्यायचं. तुम्ही शिकवलं मला. लिवा आता. 'आज आम्ही दोघं अण्णारावांच्या घरी टॉवेल-टोपी घेऊन आलो. त्यांनी ती घेतली नाही. आम्ही परत नेली.' एवढंच. खाली दोघांनी सही करा. खोटं कायबी न्हाय त्यात."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मकदूमने पेनाकडे हात नेला आणि मागे घेतला. त्याचं बघून उदयसिंह घसा साफ करून म्हणाला,

"अण्णा, तसं काय अडचण न्हाय... पण वकिलाला इचारून सांगतो."

"व्हय," मकदूम म्हणाला. "आत्ताच मिटलंय. काहीच लिहून देऊ नका म्हणालेत."

अण्णारावांनी दाराकडे बोट केलं. दोघं टॉवेलची कशीबशी घडी करत, पेढ्यांचा पुडा उचलून बाहेर पडले. गाडी गेली.

स्टुलावर दोन्ही पेले भरलेले तसेच होते. गुळाच्या खड्याला कुणी हात लावला नव्हता. शिवबाईने पेले उचलले आणि अंगणात जाऊन कण्हेरीच्या बुडाशी ओतले.

"बरं झालं, न्हाय प्याले," ती आत येता-येता म्हणाली. "साकु, पुरे झालं आता. कुणी आलं तरी मी न्हाय पाणी देणार."

ही शिवबाई! जिच्या दारातून भिकारीसुद्धा कधी तहानलेला गेला नाही. अण्णारावांना निवाडा गेल्याचं इतकं लागलं नव्हतं, फोटो गेल्याचंही नाही. हे लागलं.

ते उठले, दारापाशी गेले आणि भर दुपारी त्यांनी आतून कडी घातली. वापर नसल्याने ती गंजली होती, लवकर बसेना. दोन्ही हातांनी रेटून त्यांनी ती बसवली.